दिवा वडिलांचा, तेल आपलें

पाठ : २ तीमथ्य १:३–७; मत्तय ५:१४–१६; मत्तय २५:१–१३
पाठांतरासाठीं वचन : २ तीमथ्य १:६



ह्या आठवड्याच्या पाठाचा विषय अंतःकरणांतील प्रकाश हा आहे. हा प्रकाश म्हणजे विद्वत्ता नव्हे, आणि केवळ लौकिक सदाचरणही नव्हे. प्रभु येशूवरील विश्वासानें मनुष्याच्या अंतर्यामीं जें जीवन उत्पन्न होतें, ज्याच्या योगानें त्याला आपलें पाप दिसतें, देवाची प्रीति दिसते आणि शेजाऱ्याचें दुःख दिसतें, त्यास शास्त्रांत प्रकाश असें म्हटलें आहे. हा प्रकाश कोठून येतो हें आपण पुष्कळ वेळां ऐकलें आहे. तो टिकतो कसा व वाढतो कसा, ह्याविषयीं मात्र आपल्या मंडळ्यांतून थोडें बोललें जातें. म्हणून आज ह्याच गोष्टीचा विचार करूं.

सोलापूर प्रांतांतील मंडळ्यांस हा विचार विशेष अगत्याचा आहे. अमेरिकन मराठी मिशनचें काम १८१३ सालीं मुंबईस सुरू झालें. १८३१ सालीं तें अहमदनगरास पोंचलें. आणि एकोणिसाव्या शतकाच्या सातव्या दशकांत सोलापुरास त्याचें ठाणें झालें. म्हणजे ह्या भागांत शुभवर्तमानाचा दिवा लागून दीडशें वर्षांहून अधिक काळ लोटला आहे. आज उपासनेस बसणाऱ्यांत चौथ्या व पांचव्या पिढीचीं माणसें आहेत. त्यांच्या पूर्वजांपैकीं कित्येकांस बाप्तिस्मा घेतल्यावर घर, सोयरीक व गांवचा पाणवठा ह्यांस मुकावें लागलें. त्यांनीं मोल देऊन दिवा घेतला. आपणांस तो जन्मतःच मिळाला. घरांत बायबल होतें, भिंतीवर वचन होतें, गीतांचें पुस्तक होतें, वर्षाच्या शेवटीं नाताळ होता. हें आपलें मोठें भाग्य होय. परंतु एक गोष्ट आपण विसरतों, ती ही कीं, दिवा वारशानें मिळतो, तेल वारशानें मिळत नाहीं. आजोबांनीं दिव्यांत घातलेलें तेल त्यांच्याच काळोखांत जळून गेलें, आणि तें योग्यच झालें. आपल्या काळोखासाठीं तेल आपणच घातलें पाहिजे. हा ह्या पाठाचा सारांश आहे. तो मनांत ठेवून पुढें वाचावें.

१. तीमथ्याच्या घरचा विस्तव

तीमथ्य हा लुस्त्र येथील तरुण. त्याचा बाप हेल्लेणी होता, आणि आई विश्वास धरणारी यहूदी स्त्री होती (प्रेषितांचीं कृत्यें १६:१). तिचें नांव युनीके व आजीचें नांव लोईस. ह्या दोघींच्या हाताखालीं तीमथ्य वाढला, आणि पवित्र लेखांची ओळख त्याला बाळपणापासूनच झाली (२ तीमथ्य ३:१५). बाप अन्य समाजाचा असतां आजीनें व आईनें मुलाच्या मनांत देवाच्या वचनाचें बीं पेरलें, ही गोष्ट आपल्या मंडळ्यांतील मातांनीं नीट लक्षांत घ्यावी. घरांतील सर्व माणसें एका मताचीं नसतांही विश्वासाची जोपासना होऊं शकते.

पौलानें हें पत्र लिहिलें तेव्हां तो बंदिवासांत होता, आणि आपला अंत जवळ आला आहे हें त्याला कळलें होतें. अशा वेळीं मनुष्य व्यर्थ शब्द लिहीत नाहीं. तो तीमथ्याच्या आजीच्या विश्वासाची आठवण काढतो, आईच्या विश्वासाची आठवण काढतो, आणि तोच विश्वास तुझ्यांतही आहे अशी मला खातरी आहे असें लिहितो. येथें आपण कदाचित् थांबलों असतों. आजी विश्वासू, आई विश्वासू, मुलगा उपदेशक; आणखी काय हवें? परंतु पौल थांबत नाहीं. पुढच्याच वचनांत तो तीमथ्याला सांगतो कीं, जें देवाचें दान तुला मिळालें आहे तें पुन्हां चेतव. मूळ ग्रीक शब्दांत विस्तव फुंकून जिवंत करण्याचा भाव आहे.

ह्याचा अर्थ आपल्या घरांतील वडील स्त्रियांस कोणी समजावून सांगावयास नको. आज घरोघरीं गॅसची शेगडी आली आहे. परंतु चुलीच्या दिवसांत रात्रीं निखारे राखेंत पुरून ठेवण्याची रीत होती. पहाटें उठून राख बाजूस सारावयाची, निखाऱ्यावर काडीकचरा ठेवावयाचा, आणि फुंकणीनें जाळ करावयाचा. जिनें राख सारली नाहीं तिच्या चुलींत विस्तव असूनही भाकर होत नसे. आणि ही राख तरी कोठली? ती कालच्याच अग्नीची असे. तसेंच धर्माच्या बाबतींत घडतें. काल ज्या रीतींत जीव होता, त्याच रीति आज नुसत्या पाळल्या तर त्यांची राख होते. जेवणापूर्वींची प्रार्थना तोंडपाठ म्हटली जाते. रविवारीं जागा ठरलेली असते. नाताळचीं नवीं वस्त्रें आठवणीनें शिवलीं जातात. ह्यांत वाईट कांहीं नाहीं. निखारा झांकून जपण्यास राखही लागते. परंतु राखेवर भाकर भाजत नाहीं.

२. पंडिता रमाबाईंची साक्ष

सोलापुराहून पुण्यास रेल्वेनें जातांना दौंड मागें पडल्यावर केडगांव स्टेशन लागतें. तेथील मुक्तिसदन पंडिता रमाबाईंनीं स्थापिलें. रमाबाईंचें कार्य आपणांस ठाऊक आहे. त्यांच्या अंतर्जीवनाचा इतिहास मात्र थोड्यांस ठाऊक असतो, आणि आजच्या पाठास तोच उपयोगाचा आहे.

रमाबाईंचा जन्म १८५८ सालीं झाला. पिता अनंतशास्त्री डोंगरे ह्यांनीं आपल्या पत्नीस संस्कृत शिकविलें, आणि रमाबाई आईजवळ शिकल्या. पुराणें सांगत हें कुटुंब तीर्थोतीर्थीं फिरलें. दुष्काळांत आईबाप व बहीण ह्यांस त्या अंतरल्या. पुढें कलकत्त्यास विद्वानांनीं त्यांस पंडिता व सरस्वती ह्या पदव्यांनीं गौरविलें. १८८३ सालीं त्या इंग्लंडांत गेल्या, आणि त्याच वर्षीं २९ सप्टेंबर रोजीं वाँटेज येथें त्यांनीं आपली कन्या मनोरमा हिच्यासह बाप्तिस्मा घेतला. १८८९ सालीं परत येऊन त्यांनीं मुंबईस शारदासदन उघडलें. इतकें शिक्षण, इतका त्याग व इतकी सेवा ज्या स्त्रीच्या ठायीं होती, तिच्या अंतःकरणांत प्रकाशाची उणीव असेल असें कोणास वाटेल?

परंतु रमाबाईंनीं स्वतः आपल्या साक्षींत जें लिहून ठेविलें आहे त्याचें तात्पर्य असें, कीं बाप्तिस्म्यानंतर कित्येक वर्षें आपणांस ख्रिस्ती धर्म सांपडला होता, ख्रिस्त सांपडला नव्हता. धर्मांतील मतें बुद्धीस पटलीं होतीं, त्यांतील प्रीतीचें कार्य मनास आवडलें होतें. पण जो त्या धर्माचा जीव आहे तो तारणारा आपला स्वतःचा असा झाला नव्हता. शारदासदन चालू झाल्यानंतर, १८९१ च्या सुमारास, एक पुस्तक वाचतां वाचतां व शास्त्राचा शोध करतां करतां त्यांस कळून आलें, कीं आपण आहों तशाच, पापी म्हणून, प्रभूकडे आलें पाहिजे. तेव्हां त्यांच्या अंतःकरणांतील ओझें उतरलें.

ह्या साक्षीवरून आपण दोन गोष्टी शिकाव्या. पहिली ही, कीं ख्रिस्ती नांव, ख्रिस्ती शिक्षण व ख्रिस्ती काम हीं तिन्ही असूनही अंतरींचा दिवा मंद असूं शकतो. रमाबाईंसारख्या थोर स्त्रीनें हें कबूल केलें, तर आपण तें कबूल करण्यास कां लाजावें? दुसरी गोष्ट ही, कीं ही उणीव कळल्यावर त्यांनीं काम टाकलें नाहीं व निराशही झाल्या नाहींत. त्यांनीं शास्त्र उघडलें. पुढें जें महत्कार्य झालें तें ह्या नव्या तेलाच्या बळावर झालें. १८९६–९७ च्या दुष्काळांत व पुन्हां १९०० च्या सुमाराच्या दुष्काळांत अनाथ मुली व विधवा शेंकड्यांनीं त्यांच्या आश्रयास आल्या. तेथें आंधळ्या स्त्रियांस ब्रेल लिपि बोटांनीं वाचण्यास शिकविण्यांत आलें. ज्यांच्या डोळ्यांस सूर्य दिसत नव्हता त्यांच्या हातांस देवाचें वचन वाचतां आलें. रमाबाईंनीं इब्री व ग्रीक भाषांचा अभ्यास करून सर्व बायबलाचें सोप्या मराठींत भाषांतर केलें. तें काम हातावेगळें करून ५ एप्रिल १९२२ रोजीं त्यांनीं देह ठेविला. आदल्याच वर्षीं मनोरमाबाई निवर्तल्या होत्या. एकुलती एक कन्या गेल्यानंतरही त्या मातेचा दिवा विझला नाहीं, ह्याचें कारण दिव्यांत तेल होतें.

मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायांतील दहा कुमारींची कथा ह्याच ठिकाणीं वाचावी. दाही जणींजवळ दिवे होते. दाहीजणी वराची वाट पाहत होत्या, आणि दाहीजणींस झोंप लागली. बाहेरून पाहणारास पांच शहाण्या कोणत्या व पांच मूर्ख कोणत्या हें सांगतां आलें नसतें. भेद मध्यरात्रीं कळला. आणि शहाण्यांनीं तेल दिलें नाहीं तें कृपणपणानें नव्हे. आई आपल्या मुलाला पोटचा घास देईल, पण आपली प्रार्थना त्याच्या हातीं देऊन त्याला प्रार्थना करणारा बनवितां येत नाहीं. हें तेल उसनें मिळत नाहीं.

३. हें तेल कोठून येतें?

आपल्या काळ्या रानांत ज्वारीच्या कडेनें करडईच्या ओळी पेरण्याची जुनी चाल आहे. करडईला कांटे असतात, त्यामुळें गुरें पिकांत शिरत नाहींत. परंतु काढणीच्या वेळीं ते कांटे माणसालाही बोचतात. म्हणून सकाळच्या गारव्यांत कांटे मऊ असतांना शेतकरी करडई काढतो. मग ती वाळवावयाची, बडवावयाची, पाखडावयाची, आणि तेव्हां कोठें बीं घाण्यास लागतें. कांट्यांतून व कष्टांतून तेल निघतें. इस्राएल लोकांसही आज्ञा होती, कीं निवासमंडपांतील दीप सतत जळावा म्हणून जैतुनाचें शुद्ध, कुटून काढलेलें तेल आणावें (निर्गम २७:२०). प्रकाश देणें देवाकडे आहे. तेल आणण्याचे श्रम त्यानें आपल्याकडे ठेविले आहेत. ते श्रम चार प्रकारचे आहेत.

पहिला, वचनाचें वाचन. रेव्हरंड नारायण वामन टिळक हे राजनांदगांवास जात असतां आगगाडींत एका युरोपियन सहप्रवाशानें त्यांस नव्या कराराची प्रत दिली, आणि ती वाचण्याविषयीं त्यांच्याकडून वचन घेतलें. टिळकांनीं प्रथम केवळ दिलेला शब्द पाळावा म्हणून वाचण्यास आरंभ केला. वाचतां वाचतां ते डोंगरावरील प्रवचनापर्यंत आले, आणि त्या तीन अध्यायांनीं त्यांस असें धरून ठेविलें कीं पुस्तक खालीं ठेववेना. १० फेब्रुवारी १८९५ रोजीं मुंबईस त्यांचा बाप्तिस्मा झाला. ज्या प्रवचनानें त्यांच्या अंतरीं दिवा लागला, त्याच प्रवचनांत दिव्याविषयींचीं आजच्या पाठांतील वचनें आहेत. आपल्या घरांत तेंच पुस्तक आहे. फरक इतकाच कीं, टिळकांनीं तें वाचलें, आणि आपण तें पुसून फळीवर ठेवितों. रोज थोडेंच वाचावें, पण ज्यास आपणांस उत्तर द्यावयाचें आहे अशा पत्रासारखें वाचावें.

दुसरा, प्रार्थना. प्रार्थना म्हणजे लांब व सुंदर वाक्यें नव्हेत. शेतावर जाणाऱ्यानें बांधावर क्षणभर उभें राहावें; मागावर बसणाऱ्यानें धोटा चालू होण्यापूर्वीं डोळे मिटावे; रात्रपाळीहून आलेल्यानें निजण्यापूर्वीं प्रभूचें नांव घ्यावें. प्रभु येशू स्वतः पहाटेस उठून एकांतीं गेला (मार्क १:३५). त्याला ज्याची गरज वाटली त्यावांचून आपलें चालेल काय?

तिसरा, गायन. पंढरपूर आपल्याच जिल्ह्यांत आहे. टाळमृदंगाच्या साथीनें शब्द हृदयांत कसा उतरतो हें ह्या मातींतील माणसांस उपदेशावांचून कळतें. टिळकांस तें कळलें होतें. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलों असें ते सांगत, आणि आपल्या लोकांसाठीं त्यांनीं अभंग व भजनें रचिलीं. ज्या म्हाताऱ्या बाईस अक्षर वाचतां येत नव्हतें तिला भजनांतून शास्त्र पाठ झालें. म्हणून गीताचा अर्थ मुलांस समजावून सांगावा आणि मग गावें. अर्थावांचून गाणें म्हणजे रिकाम्या दिव्यास वात लावणें होय.

चौथा, आज्ञापालन. हा श्रम सर्वांत कठीण, कारण ह्यांत कांटे आहेत. ज्या भावाशीं बांधावरून अबोला आहे त्याच्या दारीं जाणें, घेतलेलें परत देणें, आजाऱ्याजवळ रात्र काढणें, ह्यांत हात रक्ताळतात. परंतु अनुभव असा आहे, कीं एका कठीण आज्ञेच्या पालनानें जें तेल मिळतें तें पुष्कळ वाचनानेंही मिळत नाहीं. आणि ज्या दिवशीं आपण जाणूनबुजून आज्ञा मोडतों, त्या दिवसापासून वाचनांत गोडी राहत नाहीं व प्रार्थनेस शब्द सुचत नाहींत. दिवा मंद कां झाला असें पुष्कळजण पाळकास विचारतात. त्याचें उत्तर बहुधा त्यांच्या स्वतःजवळच असतें.

४. मापाखालचा दिवा

प्रभूनें म्हटलें आहे, कीं दिवा लावून कोणी मापाखालीं ठेवीत नाहीं. हें माप म्हणजे धान्य मोजण्याचें भांडें. आपल्याकडील पायली किंवा शेर समजावा. मार्काच्या शुभवर्तमानांत मापाबरोबर पलंगाचेंही नांव आहे (मार्क ४:२१). ह्या दोन वस्तु विचार करण्याजोग्या आहेत. माप ही व्यवहाराची वस्तु, आणि पलंग ही आळसाची. दिवा बहुधा ह्या दोहोंखालींच झांकला जातो.

व्यवहाराचें माप आपण सर्व ओळखतों. धान्य घेतांना एक माप व देतांना दुसरें. मजुरास बोललेला पगार एक व हातावर ठेविलेला दुसरा. मुलीच्या लग्नांत उपासनामंदिरांत आशीर्वाद, आणि मागील दारीं हुंड्याची बोली. अशा घरांत बायबल असलें तरी तें मापाखालीं आहे. शेजारी आपल्या सभेस येत नाहींत, आपलीं पुस्तकें वाचीत नाहींत. पण आपलें माप रोज पाहतात. तें खरें असेल तर त्यांस दिवा दिसतो. पौल इफिसकरांस लिहितो, कीं चांगुलपणा, नीतिमत्त्व व सत्यता हें प्रकाशाचें फळ आहे (इफिस ५:८–९). हीं तिन्ही फळें बाजारांतही दिसलीं पाहिजेत.

पलंगाची गोष्ट थोडी निराळी आहे. पूर्वीं दिवेलागणीस घरांतील माणसें एकत्र येत, कारण दिवा एकच होता आणि त्याच्याभोंवतीं बसावें लागे. आतां गांवोगांव वीज आली आहे व प्रत्येकाच्या हातांत मोबाईलचा उजेड आहे. बाप एका कोपऱ्यांत, मुलगा दुसऱ्या कोपऱ्यांत, आई तिसऱ्या ठिकाणीं. प्रत्येकाच्या मुखावर प्रकाश आहे, पण एकमेकांची मुखें कोणी पाहत नाहीं. त्या यंत्रास दोष देण्यांत अर्थ नाहीं. त्यावर सर्व बायबल वाचतां येतें व ऐकतांही येतें. दूर पुण्यास नोकरीस गेलेल्या मुलास त्यावरून आईबरोबर प्रार्थना करतां येते. प्रश्न इतकाच आहे, कीं रात्रीं निजण्यापूर्वींची पंधरा मिनिटें आपण कोणास देतों. ज्या घरांत तीं पंधरा मिनिटें देवाचीं आहेत त्या घरांत दिवा दिवठणीवर आहे.

५. मिणमिणती वात

आतां एक शब्द दुर्बळांसाठीं. हा पाठ वाचतां वाचतां कोणास वाटेल, कीं माझ्या दिव्यांत तेल नाहीं, जाळ नाहीं, नुसता धूर आहे. त्यानें यशया ४२:३ हें वचन वाचावें. परमेश्वराचा सेवक मिणमिणती वात विझवीत नाहीं, असें तेथें अभिवचन आहे. माणूस धुराला कंटाळून वात चिमटीनें दाबून टाकतो. प्रभु ती पुढें सारतो व तेल घालतो.

लक्ष्मीबाई टिळकांचें उदाहरण ह्या ठिकाणीं सांगण्याजोगें आहे. पतीनें बाप्तिस्मा घेतला तेव्हां त्यांच्यावर आकाश कोसळलें. काहीं वर्षें पतिपत्नी वेगळीं राहिलीं. लक्ष्मीबाई एका रात्रींत ख्रिस्ती झाल्या नाहींत, आणि पतीच्या विश्वासानें तर मुळींच झाल्या नाहींत. टिळकांच्या घरीं परत आल्यावरही सोंवळेंओंवळें सुटण्यास काळ लागला. ईश्वरानें माणसांत उच्चनीच केलें असेल काय, हा प्रश्न त्यांनीं स्वतःच्या मनाशीं झगडून सोडविला. आधीं जातिभेदाची भिंत पडली, आणि त्यानंतर, १९०० सालीं, बाप्तिस्मा झाला. घरांत एवढा तेजस्वी दिवा असतांही त्यांस आपलें तेल आपणच आणावें लागलें. परंतु तें एकदां आणल्यावर काय झालें तें पाहा. १९१९ सालीं टिळक निवर्तले. त्यांचें ख्रिस्तायन अपुरें राहिलें होतें. ज्या बाईंचें शाळेंतील शिक्षण नांवालाही नव्हतें त्यांनीं तें पुढें नेलें, आणि त्याचा बहुतेक भाग लिहिला. त्यांचीं स्मृतिचित्रें तर आज मराठी भाषेचें भूषण झालीं आहेत.

आणखी एक गोष्ट. शमुवेलाच्या बाळपणीं एली याजकाचे डोळे मंद झाले होते व त्याच्या मुलांनीं घराण्याची अब्रू घालविली होती. तरी देवाचा दीप अजून विझला नव्हता, आणि त्याच्या जवळ एक मुलगा निजला होता (१ शमुवेल ३:३). त्या मुलाला हांक ऐकूं आली. आपली मंडळी लहान असेल, पाळक महिन्यांतून एकदांच येत असेल, तरुण माणसें कारखान्यांत व शहरांत गेलीं असतील. तरी दिव्याजवळ एक मूल निजलें आहे काय? असेल तर आशेस जागा आहे. त्या मुलासाठीं तरी आजची रात्र दिवा विझूं देऊं नये.

घरीं करावयाचा अभ्यास

ह्या आठवड्यांत प्रत्येक कुटुंबानें एक वेळ ठरवावी आणि ती मोडूं नये. वाचन पाळीपाळीनें करावें. मुलांसही वांटा द्यावा. ज्यांस वाचतां येत नाहीं त्यांनीं ऐकलेलें वचन आपल्या शब्दांत सांगावें. वाचनासाठीं उतारे असे : सोमवार, स्तोत्र ११९:१०५–११२. मंगळवार, नीतिसूत्रें २०:२७. बुधवार, मत्तय ६:२२–२३. गुरुवार, इफिस ५:८–१४. शुक्रवार, याकोब १:२२–२५. शनिवार, फिलिप्पै २:१४–१६. रविवार, २ तीमथ्य १:३–७.

विचारासाठीं प्रश्न

१. तीमथ्याच्या आजीचें व आईचें नांव काय? तुमच्या घरीं हा दिवा प्रथम कोणीं लाविला? मुलांस ती हकीगत सांगितली आहे काय?
२. राख व निखारा ह्यांत भेद कोणता? तुमच्या कोणत्या धर्मरीति आज राख झाल्या आहेत?
३. बाप्तिस्म्यानंतरही आपल्या अंतरीं कशाची उणीव आहे असें रमाबाईंस आढळून आलें? ती उणीव कशानें भरून निघाली?
४. दहा कुमारींतील शहाण्यांनीं तेल कां दिलें नाहीं?
५. तेल मिळविण्याचे चार श्रम सांगा. त्यांपैकीं तुमच्याकडून कोणता टाळला जातो?
६. तुमच्या व्यवहारांतील कोणत्या मापाखालीं दिवा झांकला गेला आहे? तो बाहेर काढण्यासाठीं ह्या आठवड्यांत कोणाच्या दारीं जावें लागेल?

प्रार्थना

हे प्रकाशाच्या पित्या, ज्यांनीं आमच्या घरीं तुझा दिवा लाविला त्यांच्याबद्दल आम्ही तुझे आभार मानतों. त्यांचें तेल जळून गेलें. आमचे हात रिकामे आहेत. तुझें वचन वाचण्याची भूक, प्रार्थनेची आवड व कठीण आज्ञा पाळण्याचें धैर्य आम्हांस दे. आमचीं मापें खरीं कर. जे धुमसत आहेत त्यांस विझूं देऊं नको. आणि आमच्यामागून येणाऱ्या लेकरांच्या हातीं आम्ही रिकामा दिवा न देतां, तेल कसें आणावें हेंही शिकवून जावें असें कर. प्रभु येशू ख्रिस्ताच्या नांवानें मागतों. आमेन.